नंबर नसलेली वही

ऑस्वल्ड तुस्कानोने नेदर कॉम्बली हे गाव आयुष्यात पाहिलेलं नाही, पण झोपेतून उठवून विचारलं तरी तो त्याचा नकाशा काढून देईल. इंग्लंडच्या पश्चिमेला, दोन टेकड्यांच्या बेचक्यात वसलेलं त्रेचाळीस घरांचं गाव. मधून ओढा जातो. त्यावर पूल नाही, पाण्यातूनच पलीकडे जायचा उतार आहे. चर्चचा चौकोनी दगडी बुरूज उत्तरेकडे हातभर कललेला आहे, कारण बांधणाऱ्यांनी तो बुजवलेल्या तळ्यावर उभा केला. मूळ गाव खाली ओढ्याकाठी होतं. साडेसहाशे वर्षांपूर्वी प्लेगमध्ये निम्मी माणसं गेली, उरलेल्यांनी चढणीवर नवी घरं बांधली, आणि जुन्या घरांच्या जोत्यांचे उंचवटे कुरणात अजून दिसतात. पुढे रेल्वे येणार होती, तर धुराने मेंढ्यांची लोकर काळी पडेल म्हणून जमीनदाराने जागा दिली नाही. स्टेशन चार मैलांवर गेलं आणि गाव होतं तिथेच राहिलं. पहिल्या महायुद्धात गावातले नऊ जण मेले, त्यांतले तिघे एकाच घरचे भाऊ. सातच मुलं उरली तेव्हा शाळा बंद झाली. बस मंगळवारी आणि शुक्रवारी येते.

एवढं सगळं त्याला ठाऊक आहे. त्याच्या स्वतःच्या बोरभाटात विहिरी किती, हे मात्र त्याला विचारू नका.

बोरभाट म्हणजे वसईच्या पश्चिम पट्टीत, केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांमधली वस्ती. ऑस्वल्ड तिथे जन्मला आणि सत्ताविसाव्या वर्षी कतारला गेला. आज त्याला दोह्यात चोवीस वर्षं झाली. बायको रीटा तिथल्याच एका हॉस्पिटलात नर्स, मुलगी शेरॉन बारावीला, राहायला अल वक्राला दोन खोल्या. माणूस सरळ. शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधला मिस्सा चुकवत नाही, कोणाच्या अध्यातमध्यात नाही, आणि कामात तर इतका काटेकोर की बरोबरचे लोक त्याच्या टेबलावर चहाचा कप ठेवायलाही कचरत.

त्याचं काम डॉक्युमेंट कंट्रोलरचं. गटारं आणि पावसाळी नाले आखणाऱ्या एका कन्सल्टंट कंपनीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा, नवं ड्रॉइंग आलं की जुन्यावर रद्दचा शिक्का मारायचा, आणि दहा वर्षांपूर्वीचं पत्र कोणी मागितलं तर दहा मिनिटांत काढून द्यायचं. नव्याने रुजू झालेल्या प्रत्येकाला तो पहिल्याच दिवशी सांगायचा की ज्या कागदाला नंबर नाही तो कागदच नाही. हे वाक्य त्याने स्वतः बनवलं होतं आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

त्याचे वडील पास्कल तुस्कानो, म्हणजे बोरभाटचे पास्कूमास्तर. मराठी शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाचा इतिहास लिहायला घेतला. अकरा वर्षं ते घरोघर फिरले. कोणती विहीर कोणी खणली, रहाट कोणाचा, कोणत्या घराला कोणतं नाव आणि ते कशावरून पडलं, साथीच्या वर्षी कोण कुठे पळालं, लग्नाच्या आदल्या दिवशी बायका कोणती गाणी म्हणत. बरंचसं त्यांना तीन म्हाताऱ्यांनी सांगितलं आणि त्या तिघीही पाठोपाठ वारल्या. हे सगळं एका जाड, कापडी बांधणीच्या वहीत होतं. धाकटा मुलगा मॅल्कम, जो गावीच वडिलांजवळ राहतो, तो म्हणत होता की झेरॉक्स तरी काढून ठेवू. मास्तरांनी काढू दिली नाही. वही उलटी दाबली तर शिवण तुटेल म्हणाले. शिवाय झेरॉक्स हवी कशाला? चार वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत ऑस्वल्ड घरी आला तेव्हा त्यांनी वही टॉवेलात गुंडाळून त्याच्या हातात दिली, आणि आल्या-गेल्याला सांगितलं की माझा थोरला कागद सांभाळायच्याच नोकरीत आहे, तो व्यवस्थित टाईप करून आणील.

ऑस्वल्डने वही केबिन बॅगेत घालून आणली, बॅग विमानात पायाशीसुद्धा ठेवली नाही, मांडीवर घेतली. इथपर्यंत त्याचं काहीच चुकलं नव्हतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत रोज दोन पानं टाईप करायची असं ठरवून त्याने ती टेबलाच्या खालच्या खणात ठेवली. एकदा उघडली, पहिलं पान वाचलं. मास्तरांचं अक्षर बारीक होतं. उद्या बघू, म्हणाला.

त्याच महिन्यात हॉलिससाहेब त्याच्या टेबलाशी आले. हे इंग्रज इंजिनिअर, कंपनीत सगळ्यांत वरचे, निवृत्तीला तीनेक वर्षं राहिलेली. त्यांच्या हातात बुटांचं एक खोकं होतं आणि खोक्यात नेदर कॉम्बली होतं. जुने फोटो, आजोबांची पत्रं, शेतांच्या नावांचा नकाशा, चर्चच्या नोंदींच्या नकला. साहेबांना आपल्या गावावर पुस्तिका काढायची होती, विकून येईल त्यातून कललेल्या बुरुजाची डागडुजी करायची होती. त्यांनी हुकूम केला नाही. वेळ मिळाला तर जरा लावून देशील का, एवढंच विचारलं.

ऑस्वल्डला वेळ मिळाला. तो रोज मिळाला. तीन हिवाळे तो जेवणाचा डबा डाव्या हाताने खात आणि उजव्या हाताने माऊस फिरवत त्या गावात राहिला. साहेब मागे उभे राहून म्हणायचे, हे शेत ‘कोकिळेचं कुंपण’, इथे आम्ही लहानपणी लपायचो. मग ऑस्वल्ड त्या शेताला नंबर द्यायचा. फोटोंना नंबर, पत्रांना नंबर, नऊ मेलेल्या सैनिकांना नंबर. त्याला हे काम आवडत होतं हे खरं, पण त्याहून जास्त आवडत होते ते साहेबांचे खांद्यावर पडणारे दोन हलके हात. दोह्यातल्या इतक्या वर्षांत कोणी तसं शेजारी उभं राहिलं नव्हतं. यात लाजण्यासारखं काही नव्हतं. लाजण्यासारखं पुढे झालं.

एके दिवशी साहेबांनी सहज विचारलं, तुझंही गाव असेल ना, किती जुनं आहे? ऑस्वल्डच्या गुडघ्यापासून वही वीतभर अंतरावर होती. खण ओढून ती टेबलावर ठेवायची, बस. पण त्याच्या डोळ्यांपुढे आली ती वहीची तेलकट कडा, टॉवेलाचा वास, मास्तरांचं मराठी, आणि समोर स्क्रीनवर तो दगडी बुरूज. तो हसून म्हणाला, “नथिंग मच, सर. जस्ट अ फ्यू हाउसेस. नो हिस्टरी.”

साहेब बरं म्हणून गेले. ऑस्वल्डचे कान तापले, पण कामात पुन्हा थंड झाले.

मग कॉम्बलीचे कागद वाढले. साहेबांच्या बहिणीने आणखी दोन पाकिटं पाठवली आणि टेबलाचे खण पुरेनात. ऑस्वल्डने जागा केली. खालच्या खणातली वही काढून त्याने शेल्फावरच्या एका खोक्यात, रद्द झालेल्या ड्रॉइंगांवर ठेवली. तात्पुरती. त्या खोक्यावर एक्केचाळीस आकडा होता, वहीवर कोणताच नव्हता.

पुढच्या वर्षी ऑफिस जुन्या बिल्डिंगमधून लुसैलला हललं. काय न्यायचं आणि काय नष्ट करायचं याची नियमावली ऑस्वल्डनेच लिहिली होती. त्याच्या हाताखालचा उमैर, केरळचा शांत माणूस, एका सकाळी विचारायला आला की एक्केचाळीस नंबरच्या खोक्यात वर बिननंबरी काहीतरी आहे, तुम्ही एकदा बघता का. ऑस्वल्ड त्या वेळी बुरुजाचा फोटो पानाच्या मधोमध बसवत होता. त्याने मान वर केली नाही.

“नंबर नहीं है ना? फिर खलास,” तो म्हणाला, आणि उमैरने पुढे केलेल्या फॉर्मवर सही केली.

त्या खोक्यात वही आहे हे त्याला आठवलंही नाही. हे सांगताना मलाच कसंतरी होतं, पण लपवून उपयोग काय? दीड वर्ष वही कुठे आहे हे बघावंसंही त्याला वाटलं नाही. मास्तर फोनवर विचारायचे, टायपिंग कुठवर आलं. तो म्हणायचा, चालू आहे पपा, निम्मं झालंय. पुढे मास्तरांनी विचारणं कमी केलं. त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला होता, आठवणही मधेच सुटायची, आणि मुलगा कामात आहे हे त्यांना कळत होतं.

यंदा मार्चमध्ये पुस्तिका छापून आली. पंचाण्णव पानं, गुळगुळीत कागद. शेवटच्या पानावर साहेबांनी लिहिलं होतं की ऑस्वल्ड तुस्कानोने जिवापाड काळजी घेतली नसती तर हे गाव कागदावर उतरलं नसतं. रीटाला कोण आनंद. तिने त्या पानाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. शेरॉनने चारपाच पानं वाचून म्हटलं, “डॅड, यू शुड डू वन फॉर बोरभाट.” ऑस्वल्डने तिला अभ्यासाला बसवलं.

मास्तरांनी अख्खी पुस्तिका मागून घेतली. मॅल्कमने ती मोठ्या अक्षरांत छापून आणली आणि चौऱ्याऐंशी वर्षांचा हा माणूस भिंग आणि डिक्शनरी घेऊन सतरा दिवस इंग्लंडमधल्या एका खेड्याचा इतिहास वाचत बसला. मग शुक्रवारी, मेसाइमीरच्या चर्चमधून ऑस्वल्ड बाहेर पडतो तोच फोन आला. घरात मास्तर गावची बोली बोलायचे, फोनवर मात्र नेहमी शाळेतलं मराठी.

“उत्तम काम केलंस,” ते म्हणाले. “शेतांची नावंसुद्धा सोडली नाहीस. मला वाटायचं, तुला या गोष्टींत गोडी नाही. माझी चूक झाली.”

ऑस्वल्डने काहीतरी हुं केलं. मास्तरांनी पुढे सांगितलं की चर्चला यंदा दीडशे वर्षं होतात, त्याची स्मरणिका निघणार आहे, आणि ॲरन, म्हणजे स्मरणिकेचं काम बघणारा गावातला तरुण, त्यांच्याकडे बोरभाटचा इतिहास मागायला आला होता. त्यांनी शब्द दिला होता. पुढच्या रविवारी संध्याकाळी कमिटी घरी येणार. झालं असेल तेवढं टाईप केलेलं पाठव, राहिलेलं मी वहीवरून बघतो, म्हणून वही कोणाबरोबर तरी धाडून दे.

तिथे, गाड्यांच्या पार्किंगमध्ये, उन्हात, ऑस्वल्डला प्रथमच प्रश्न पडला की वही कुठे आहे.

शनिवारी सुट्टी असूनही तो लाल मेट्रोने वक्रापासून लुसैलपर्यंत गेला. खण पाहिले, कपाटं पाहिली. शोधता शोधता त्याचे हात हळू होत गेले, कारण डोक्याला आधीच कळलं होतं. मग त्याने जे काम तो सर्वांत छान करतो ते केलं, दहा मिनिटांत जुना कागद काढला. नष्ट केलेल्या खोक्यांची यादी, क्रमांक एक्केचाळीस, शेरा ‘बिननंबरी कागद, निरुपयोगी’, खाली त्याचीच सही. सही नेहमीसारखी ठसठशीत होती. तो रिकाम्या ऑफिसात खुर्चीवर बसला आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की समोरच्या काळ्या स्क्रीनमध्ये दिसणारा चेहरासुद्धा नको झाला.

त्या आठवड्यात त्याने एक शहाणपणा करून पाहिला. रीटाला काही न सांगता तो बोरभाटचा इतिहास आपणच लिहायला बसला. वडिलांना निम्मं झालंय सांगितलं होतं, तर निम्मं तरी व्हायला हवं. एक पान झालं. वाचून पाहिलं तर केळीच्या वाड्यांमधून ओढा वाहत होता, चर्चजवळ कुरण होतं, आणि गाव साथीमुळे चढणीवर सरकलं होतं. बोरभाटात चढण नाही. वाडीपासून समुद्रापर्यंत जमीन ताटासारखी सपाट आहे. त्याने पान पुसलं. आजोबांच्या घराचं नाव काय होतं ते आठवायचा प्रयत्न केला, ते आलं नाही, आणि त्याच्या जागी कोकिळेचं कुंपण आलं.

रविवारी कतारमध्ये ऑफिस असतं. दुपारी अडीचला, म्हणजे गावी पाच वाजता, ऑस्वल्ड मीटिंगच्या छोट्या खोलीत गेला, दार लावलं आणि फोन केला. आठ दिवस त्याने वाक्यं घोळवली होती. त्यांतलं एकही तोंडातून निघालं नाही.

“पपा, वही माझ्याकडे नाही.”

“मग कुठे आहे?”

“ऑफिस बदललं तेव्हा नंबर नसलेले कागद तुकडे करायच्या मशीनमध्ये घातले. त्यांत गेली. सही माझीच आहे.”

पलीकडे अंगणात कोणीतरी नारळाच्या झावळ्या ओढत होतं, त्याचा आवाज तेवढा आला.

“सगळी?” मास्तरांनी विचारलं.

“सगळी.”

मास्तर रागावले असते तर बरं झालं असतं. शाळेत त्यांच्या हातची छडी ऑस्वल्डने खाल्ली होती, ती कुठे लागते ते त्याला माहीत होतं. पण ते हिशेबाचं अडलेलं उदाहरण फळ्यावर पुन्हा मांडावं तसे शांतपणे बोलू लागले. “असू दे. मॅल्कमने मला जाड रेघांची वही आणून दिली आहे. माझ्या आठवणीचा आता भरवसा नाही, पण तू निम्मी टाईप केली होतीस, म्हणजे वाचली असशील. विहिरींपासून सुरू कर. तू सांग, मी लिहून घेतो.”

ऑस्वल्डला ऐकू आलं, पलीकडे मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली, वही उघडली. ते खरोखर लिहायला बसले होते. डोळ्यांना नीट दिसत नसताना, पेन घेऊन, मुलाच्या तोंडून आपलं गाव परत मिळेल म्हणून.

“पपा, मी टाईप केलीच नव्हती.”

“बरं. वाचलेलं सांग.”

“वाचली नाही.”

“थोडीफार?”

“पहिलं पान,” ऑस्वल्ड म्हणाला, आणि त्या पानावर काय होतं तेही त्याला सांगता येईना.

 एवढ्यात तिकडे फाटक वाजलं, दोनतीन जणांची पावलं ओट्यावर चढली. ॲरनचा मोठा, मोकळा आवाज आला. मास्तर, आणली का दोह्याहून वही? फोन मास्तरांच्या हातातच होता, त्यांनी तो बंद केला नाही. म्हाताऱ्या माणसाला बटण सापडलं नाही की त्यांनी मुद्दाम चालू ठेवला, ते ऑस्वल्डला कधी कळलं नाही.

“ॲरन, वही दोह्याहून कधीच परत आली होती,” मास्तर म्हणाले. “इथेच होती. गेल्या पावसाळ्यात कपाट आवरताना माझ्याच हातून रद्दीत गेली. मी विसरून गेलो आणि तुम्हांला शब्द देऊन बसलो.”

 मग कोणीतरी बाई हळू आवाजात म्हणाली की मास्तर, अकरा वर्षांचं काम ना ते, आमच्या आयेने सांगितलेली गाणी होती त्यात. आणि दुसरा कोणी, तो हलक्या आवाजातसुद्धा नाही, म्हणाला की वय झालं की असंच व्हायचं, अशी वस्तू म्हाताऱ्या माणसाच्या हाती ठेवायचीच नव्हती.

ऑस्वल्डने तोंड उघडलं. एक वाक्य पुरलं असतं. ॲरन, वही मी घालवली. फोन चालू होता, त्याचा आवाज ओट्यावर गेला असता. काचेच्या दारापलीकडून उमैर हातात फॉर्म घेऊन जात होता, एसीची थंड हवा मानेवर येत होती, आणि ऑस्वल्डने उघडलेलं तोंड तसंच मिटलं. तो लाजेने नुसता पेटला होता, आणि तरीही गप्प होता.

मास्तरांनी फोन पुन्हा कानाला लावला. आवाज खाली आणून, या खेपेला शाळेतल्या नव्हे तर घरच्या बोलीत, ते म्हणाले की ऐकलंस ना, कोणी विचारलं तर तूही तेच सांग, तुला अजून या गावात यायचं आहे.

“बरं, पपा,” ऑस्वल्ड म्हणाला.

आणि आजही बोरभाटचा कोणी भेटला, वहीचा विषय निघाला, की तो मान खाली घालून तेच सांगतो.